दिवाळीनंतर तांबोशी मासा धरायला कोण कोण येतंय? (सोसायटी ग्रुप, सांगली)

ए-१०३: मंडळी, दिवाळीत रत्नागिरीला गळ टाकायला जायचं ठरतंय. पाडवा, भाऊबीज जोडून सुट्टी आहे. गाडीत दोन जागा शिल्लक. कृष्णेवर मरळ, कटला बस झाले, यंदा खाऱ्या पाण्यातली तांबोशी काढायची.

डी-४०२: मी आहे. पण पाडव्याला घरातनं सोडतील असं वाटत नाही.

सेक्रेटरी: टाकीची सफाई आहे, ११ ते २ पाणी बंद. मासेवाल्यांनीही वाचावे.

ए-१०३: वाचलं साहेब.

बी-२०४ काकू: पाडव्याला जाऊच नका. लक्ष्मीपूजन अमावस्येचं, म्हणजे पाडवा-भाऊबीज दरवर्षी नेमकी उधाणात सापडते. खाडीला पाण्याची ओढ एवढी असते की गळाचं वजन, ते शिसं, तळाला ठरत नाही, वर गाळ उठून पाणी गढूळ. दिवसभर गळाचा दोरा, तंगूस, गुंडाळत बसाल.

डी-४०२: काकू, तुम्हाला हे कसं काय ओ माहीत?

बी-२०४ काकू: माहेर जयगड खाडीकाठचं आहे माझं. आमच्याकडे पंचांग आधी भरतीसाठी उघडायचे, मुहूर्ताला नंतर.

ए-१०३: मग जायचं कधी? सुट्टी तेवढीच आहे हो.

बी-२०४ काकू: तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा. येईल ती भरती पूर्ण व्हायची वेळ, एकदा दिवसा, एकदा रात्री. बंदरागणिक थोडं मागेपुढे होतं. पौर्णिमा झाली की परत प्रतिपदेपासून मोजायचं.

ए-१०३: अमावस्या म्हणजे १५. त्रिक ४५, भागिले ४, सव्वाअकरा. भारीच की.

बी-२०४ काकू: आता षष्ठी धरा. १८ भागिले ४, साडेचार. दुपारी साडेचारला खाडी भरली की तांबोशी कांदळवनात मुळांमध्ये शिरलेली असते. ओहोटी लागली की कोळंबी आणि बारकी बोयटं पाण्याबरोबर बाहेर निघतात, आणि ही कडेला दबा धरून बसते. साडेचार ते अंधार पडेपर्यंत, खरा वेळ तेवढाच. बाकी दिवसभर झोपा काढल्यात तरी चालेल. अष्टमीपर्यंत मात्र लांबवू नका. तेव्हा भांग, म्हणजे भरती-ओहोटी सगळ्यात कमी. ते पाणी हलत नाही धड, मासा गळाकडे बघतसुद्धा नाही.

सी-१०५: ऑगस्टमध्येच का नाही जायचं? बंदी उठते ना तेव्हा?

बी-२०४ काकू: १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती यांत्रिक बोटींना. ती संपली म्हणून समुद्र शांत होत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडतात तो उगीच नाही. आणि खाडीत तेव्हा नद्यांचं लाल पाणी येत असतं. खडकावर उभं राहून गळ टाकायचा विचार तर पावसात करूच नका. पाऊस गेला, पाणी निवळलं, की मग.

सी-३०१ (ह्यूस्टन): काकू ग्रेट! इथे आत्ता रात्र आहे, पण हे वाचून राहवेना. आमच्या गल्फमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या आखातात, रेड स्नॅपर असतो, तांबोशीच्याच कुळातला. इथे तिथी नाही, सरकार तारीख काढतं. खोल समुद्रात पर्यटकांना नेणाऱ्या बोटींचा हंगाम १ जूनला उघडतो. माणशी २ मासे, तेही १६ इंचांच्या वरचे. टेक्सासच्या किनाऱ्यालगतच्या ९ सागरी मैलांत बारा महिने चालतं, पण मोठा मासा त्याच्या पलीकडे. आणि फ्लोरिडाच्या अटलांटिक बाजूला तर २०२४ मध्ये अख्खा हंगाम एक दिवसाचा होता, १२ जुलै. २०२५ मध्ये दोन दिवस.

डी-४०२: एक दिवस?? आणि नेमकं त्याच दिवशी मेव्हण्याचं लग्न निघालं तर?

सी-३०१ (ह्यूस्टन): आणि वारा सुटला तर बोट बंदरातच. लोक वर्षभर त्या तारखेकडे डोळे लावून बसायचे, मग सगळे एकदम पाण्यात. मला स्वतःला हे पटत नाही. पण पूर्वी इतकी ओरबाड झालीय की दुसरा इलाजही दिसत नाही. शिवाय खोलातनं वर ओढला की माशाच्या पोटातली हवा फुगते, जठर तोंडातनं बाहेर येतं. तसाच सोडला तर तो वर तरंगत मरतो. म्हणून गल्फमध्ये त्याला वजन लावून परत खोल पोचवायचं साधन किंवा ती हवा काढायची सुई बोटीवर तयार ठेवायची सक्ती २०२२ मध्ये आली होती.

बी-२०४ काकू: आपल्या खाडीत तेवढी खोली नाही, तो त्रास नाही. पण एक गोष्ट तुझी बरोबर. खाडीतली तांबोशी बहुतेक पोरवयातली. मोठी झाली की बाहेर समुद्रात खडकांवर जाते, अंडी तिकडेच. वीतभर लागली तर सोडून द्यावी.

डी-४०२: एवढं डिझेल जाळून, घाट उतरून जायचं आणि सोडून द्यायची? आमच्यात नाही बसत हे काकू.

बी-२०४ काकू: मग मिरकरवाड्याच्या मासळी बंदरात जाऊन विकत घ्या. गळ कशाला नेताय?

ए-१०३: झालं. वीतभर सोडायची. काकू, आमिष काय?

बी-२०४ काकू: जिवंत कोळंबी. बंदरातली बर्फातली नको, खाडीवर पाग (फेकजाळं) टाकणाऱ्यांकडून घ्या. आणि रीळ सैल ठेवू नका. तांबोशी घास घेतल्या घेतल्या उलटी मुळांकडे धावते. पहिल्या दोन हातांत अडवली तर तुमची, नाहीतर तंगूस मुळाला घासून तुटलाच म्हणून समजा. पुढचा हातभर दोर जाडच लावा.

ए-१०३: मग कार्तिक शुद्ध षष्ठी फायनल. कोल्हापूरवरून आंबा घाट, सकाळी ६ ला गेटवर. दुपारपर्यंत भाट्याच्या खाडीवर. ऑफिसला मी सांगतो काहीतरी.

डी-४०२: मला त्या दिवशी सुट्टी नाही ओ. माझी जागा द्या कुणाला.

सेक्रेटरी: परत आल्यावर मासे पार्किंगच्या नळावर साफ करायचे नाहीत. मागच्या खेपेला चार दिवस मांजरं हलली नव्हती.

सी-१०५: डी-४०२ ची जागा मला. खेकडे पण मिळतील का काकू?

बी-२०४ काकू: मिळतील, पण आमच्याकडे अमावस्येचेच भरलेले म्हणतात. त्याची ट्रिप वेगळी काढा.