थायरॉईडचे किलो किती आणि आपले किती?

नौपाडा_डायरी:
आधीच सांगते, मला स्वतःला हायपोथायरॉईड आहे, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कमी काम करते, नऊ वर्षं झाली, रोज थायरॉईडच्या हार्मोनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी. म्हणजे काठावर बसून ज्ञान पाजळत नाहीये. रविवारी भिशी होती, अकरा बायका, त्यातल्या पाच थायरॉईडवाल्या आणि पाचही जणींचं एकच पालुपद, "मी काही खातच नाही गं, पण थायरॉईड आहे ना." हे चालू असताना साबुदाणा वड्यांची प्लेट दोनदा फिरली. मीही तीन खाल्ले, खोटं कशाला बोलू.

तर माझं मत असं की आपण थायरॉईडवर जरा जास्तच खापर फोडतो. हायपोमुळे जे वजन वाढतं ते साधारण दोन ते साडेचार किलो, आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं मीठ-पाणी, चरबी नव्हे. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनही हेच सांगते. माझं वजन नऊ वर्षांत ५८ चं ७४ झालं, म्हणजे १६ किलो. त्यातले चार थायरॉईडच्या नावावर टाकते, वर एक बोनस देते. उरलेले अकरा कोणाचे? माझेच ना! टीएसएच (रक्ताची टेस्ट, थायरॉईड मंदावलं की हा आकडा वर जातो) नॉर्मल आला की थायरॉईडला मध्ये आणायचं नाही, असं मी आता ठरवलंय. बोला.

कचराळी_वॉकर:
+१. अगदी बरोबर बोललात ताई. आमचा सकाळचा ग्रुप आहे, कचराळी तलावाला रोज फेऱ्या मारतो आणि चालून झालं की सगळे मिळून वडापाव आणि कटिंग. पाच किलोमीटर चालून दोनशे-अडीचशे कॅलरी जाळायच्या आणि एका वडापावात तीनशेच्या आसपास परत घ्यायच्या, मग म्हणायचं चालून पण काही फरक पडत नाही बुवा. बायकोला थायरॉईड आहे, तिला मी कोबी, फ्लॉवर पूर्ण बंद केलंय आणि सकाळी धण्याचं पाणी देतो. पथ्य पाळलं की सगळं जागेवर येतं.

रबाळे_लोकल:
नौपाडा ताई, तुमचं गणित वाचून राग आला, स्पष्टच लिहिते. साडेचार किलो हा ठोकळा झाला, ज्याचा आजार जास्त त्याचं जास्तही वाढतं. आणि वजन फक्त ग्रंथीतून वाढत नाही हो, दिवस कसा जातो त्यातून पण वाढतं.

माझं सांगते. मी कळव्याला राहते, नोकरी रबाळेला. निदान व्हायच्या आधीची दोन वर्षं ठाण्याला उतरून ब्रिज चढून ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मला जायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं, जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबायचे आणि कोणाला कळू नये म्हणून मोबाईल बघायचं नाटक करायचे. वय ३१. घरी येऊन चप्पल घालूनच सोफ्यावर झोपायचे. सगळ्यांनी आळशी म्हटलं, सासूबाईंनी तर तोंडावर, आणि मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं. मग केस गळतात म्हणून टेस्ट केली तर टीएसएच ६८! त्या दोन वर्षांत नऊ किलो वाढले. ते सगळं मीठ-पाणी नव्हतं हे मान्य, पण तो आळस पण नव्हता. ते कोणाच्या खात्यात टाकायचे सांगा तुम्हीच.

आणि काका, बायकोला "मी बंद केलंय" म्हणजे काय हो? त्यांना विचारलंत का?

काउंटरच्या_मागून:
मी कोपरखैरणेला मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही हे आधी सांगतो. पण थायरॉईडची बाटली न्यायला रोज इतके लोक येतात की काही गोष्टी ऐकून ऐकून पाठ झाल्यात.

कचराळी काका, कोबी-फ्लॉवर शिजवून, घरात खातो तेवढं खाल्लं तर आयोडीनचं मीठ वापरणाऱ्याला त्याने काही होत नाही. वहिनींना भाजी खाऊ द्या. धण्याचं पाणी पण प्यायला हरकत नाही, फक्त गोळी त्यासोबत नको आणि गोळीच्या ऐवजी तर नकोच. एका गिऱ्हाईकाने काढा चालू केला म्हणून गोळी बंद केली होती, तीन महिन्यांनी चेहरा सुजून आला.

खरा घोळ वेगळाच आहे. गोळी साध्या पाण्यासोबत, रिकाम्या पोटी, त्यानंतर चहा-नाश्त्याला निदान अर्धा तास, तासभर गेला तर उत्तम. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर. सोयाबीनचे पदार्थ पण लांबच. हे पाळणारे किती? लोक सांगतात "सकाळच्या सगळ्या गोळ्या एका डबीत भरून ठेवल्यात, विसरायला नको." थायरॉईड, कॅल्शियम, लोह सगळं एका घोटात, वर लगेच चहा. मग त्यातलं अंगाला लागणार किती? टीएसएच हलत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि पेशंट म्हणतो मला औषध लागूच पडत नाही. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेणारे तर वेगळेच, त्याने रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो, टेस्टच्या आधी दोन दिवस तरी बंद ठेवायला सांगतात.

आणि एक. महिन्यातून एखादा येतोच, थायरॉईड नसलेला, "बारीक व्हायला शंभरची द्या." देत नाही. छातीत धडधड, हाडं ठिसूळ, हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेत तर या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापतात की वजन कमी करायला वापरू नका.

सीवूड्सचा_बाबा:
माझी गोष्ट सगळ्यांच्या उलटी. मला ग्रेव्हज झालं होतं, हायपरवालं, म्हणजे थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करतं तो आजार. चार महिन्यांत अकरा किलो उतरलो आणि ऑफिसात जो तो पाठ थोपटतोय, "काय डाएट करतोस सांग ना." नाडी बसल्या जागी १२०, हातातला चहाचा कप थरथरायचा, रात्री झोप नाही, आणि लोकांना मी फिट वाटतोय! घरी आई तेवढी म्हणाली, डोळे असे का दिसतायत रे.

ग्रंथी बंद पाडायला रेडिओ-आयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) दिलं, आता ग्रंथी काम करत नाही, जन्मभर गोळी. आणि वजन गेलं होतं तेवढं परत आलं, वर सहा किलो व्याज. डॉक्टरांनी समजावलं की हायपरमध्ये चार पोळ्यांची सवय लागली होती, इंजिन जोरात होतं म्हणून खपत होतं, आता इंजिन नॉर्मलला आलं पण ताट तेवढंच राहिलं. म्हणजे नौपाडा ताई, ताटाबद्दल तुमचं बरोबर. पण ती सवय लावली कोणी? आजारानेच ना. त्यामुळे "माझे" आणि "थायरॉईडचे" असे किलो वेगळे काढता येतात हेच मला पटत नाही.

खारघरकर_आई:
मध्येच विचारते. माझा टीएसएच ५.८ आलाय, टी४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) नॉर्मल. बाळ दोन वर्षांचं आहे, वजन डिलिव्हरीनंतर उतरलंच नाही. डॉक्टर म्हणतात आत्ता गोळी नको, तीन महिन्यांनी परत टेस्ट करू. मला वाटतं चालू केली तर वजन तरी उतरेल. डॉक्टर बदलू का?

काउंटरच्या_मागून:
खारघर ताई, डॉक्टर बरोबर सांगतायत असं मला वाटतं. याला सबक्लिनिकल म्हणतात, टीएसएच थोडा वर पण टी४ जागेवर. बऱ्याचदा परत केलेल्या टेस्टमध्ये आपोआप खाली आलेला असतो. आणि अशात गोळीने वजन उतरतं म्हणावं तर तसा काही फरक दिसत नाही. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर मात्र डॉक्टरांना आत्ताच सांगा, त्याचं गणित वेगळं असतं.

नौपाडा_डायरी:
एकेकाला उत्तर देते. रबाळे, तुझे ते नऊ किलो मी आजाराच्या खात्यात टाकले, जा. खरंच. ब्रिजवरचं वाचून गप्प झाले थोडा वेळ, कारण मीही पहिलं वर्ष असंच काढलंय आणि विसरले होते.

पण माझा मुद्दा निदानानंतरचा आहे गं. गोळी लागू पडली, थकवा गेला, टीएसएच अडीच-तीनच्या आसपास, आणि तरी मी पुढची सात वर्षं तेच म्हणत राहिले. गेल्या महिन्यात पंधरा दिवस फ्रीजवर वही अडकवून सगळं लिहिलं, डाएट वगैरे काही नाही, फक्त लिहायचं. दिवसाला पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, दीडशे-दोनशे कॅलरी नुसत्या साखरेच्या. आणि एक भानगड तर मला माहीतच नव्हती. मुलीचा डबा परत येतो त्यात अर्धी-पाऊण पोळी आणि भाजी असतेच, ती मी ओट्याशी उभ्याने, डबा घासायला टाकता टाकता खाते. टाकवत नाही म्हणून. नऊ वर्षांत ती पोळी मी "जेवण" म्हणून मोजलीच नव्हती, आणि "मी काही खात नाही" म्हणताना मला ते खरंच वाटायचं. खोटं नव्हते बोलत!

रबाळे_लोकल:
ताई पण ती डब्यातली पोळी थायरॉईड नसलेल्या बायका पण खातात हो.

नौपाडा_डायरी:
अगं तेच तर म्हणतेय मी!!

रबाळे_लोकल:
नाही, तुम्ही म्हणताय ते वेगळं. तुम्ही स्वतःबद्दल म्हणालात तोवर ठीक, पण तुमचं हे वाचून उद्या कोणाची तरी सासू, नणंद म्हणेल, बघ, त्या पण म्हणतात थायरॉईडचं फक्त निमित्त असतं. मला हळदीकुंकवाला वाण देताना एकीने पोटाला हात लावून विचारलं होतं "गुड न्यूज?" अशा लोकांच्या हातात कोलीत द्यायचं नाही मला. घरात मी वही लिहीन, पोळी मोजीन, पण चारचौघात मी थायरॉईडच सांगणार. ते माझं चिलखत आहे.

कचराळी_वॉकर:
चिलखत घातलं तरी आतून वजन वाढायचं थांबत नाही ना पण.

सीवूड्सचा_बाबा:
काका, तुम्ही आधी तो वडापाव सोडा.

कचराळी_वॉकर:
मी चालतो तेवढं! (बायकोला आज फ्लॉवरची भाजी करूया का विचारलं. ती म्हणाली तिला फ्लॉवर मुळात आवडतच नव्हता, बंद केल्यावर बरंच वाटलं होतं. आता काय बोलायचं.)

रबाळे_लोकल:
काउंटरवाले दादा, एक विचारायचं होतं. कालपासून डोक्यात तेच चाललंय. मी गोळी पाच चाळीसला घेते आणि दहाव्या मिनिटाला चहा. डॉक्टरांनी "रिकाम्या पोटी" एवढंच सांगितलं होतं, चहाने कुठे पोट भरतं असं मी धरून चालले. कॅल्शियम पण त्याच चहासोबत. तीन वर्षं झाली. डोस ५० वरून १०० वर गेलाय आणि टीएसएच अजून आठ-नऊच्या खाली येत नाही.

काउंटरच्या_मागून:
घ्या. अहो ताई, आधी कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर न्या आणि चहा सहा चाळीसला. सकाळी जमतच नसेल तर काहींना डॉक्टर रात्री झोपताना घ्यायला सांगतात, जेवणानंतर तीनेक तासांनी. पण एक लक्षात ठेवा, आता ती १०० पूर्ण लागायला लागली तर डोस जास्तही होऊ शकतो. त्यामुळे बदल केलाय हे डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, आणि सहा ते आठ आठवड्यांनी टेस्ट. त्याआधी करून उपयोग नाही, हे औषध रक्तात सावकाश स्थिरावतं.

रबाळे_लोकल:
रात्री तीन तास म्हणजे मला दीड वाजेपर्यंत जागावं लागेल 😂 सकाळचंच बघते. बाटली आणि तांब्या मोबाईलच्या चार्जरपाशी ठेवलाय, अलार्म पाचचा, गोळी घेऊन परत झोपायचं, चहा सहाला. आज पहिला दिवस. पहिला चहा मिळेपर्यंत नवऱ्याशी दोनदा भांडण झालं.

नौपाडा_डायरी:
आठ आठवड्यांनी रिपोर्ट इथे टाक गं. वजन पण सांग.

रबाळे_लोकल:
टीएसएच सांगेन. वजन नाही सांगणार.