मदत हवी आहे: ऑइलपेंटवरचं इमल्शन सुटतंय, आणि आजीचं जाळीचं कपाट

नमस्कार मंडळी. दोन दुखणी आहेत, एकाच धाग्यात मांडते.

पहिलं स्वयंपाकघराचं. साताऱ्याचं जुनं घर, भिंतीला छातीपर्यंत पोपटी ऑइलपेंट. गेल्या दिवाळीत मी आणि नवऱ्याने त्यावर पांढऱ्या इमल्शनचे, म्हणजे पाण्यात कालवायच्या रंगाचे, दोन हात मारले. रंगाऱ्याचे पैसे वाचवले म्हणून महिनाभर मिरवलंही. आता ओट्यामागे, जिथे कुकरची वाफ लागते, तिथे आधी फुगा येतो आणि नखाने धरून ओढलं की वीतभर साल निघते, उकडलेल्या बटाट्याची निघते तशी. खालचा पोपटी जसाच्या तसा चकचकीत! ओल नाही, भिंतीपलीकडे माजघर आहे. रंगाआधी भिंत साबणाने पुसली होती, घासली मात्र नव्हती. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, लागत नाही असं दुकानदार म्हणाला होता. आता सगळं खरवडायचं, की सुटलंय तेवढं काढून लांबी (पुट्टी) भरून भागेल?

दुसरं आजीचं जाळीचं कपाट. दूध-दही, भाकरीची टोपली त्यात असायची. सागवानी आहे असं बाबा म्हणतात, पण लाकूड आमच्यापैकी कुणी पाहिलेलंच नाही. घरात कार्य निघालं की कपाटावर रंगाचा हात बसायचाच. बिजागरीपाशी टवका उडालाय तिथे थर मोजता येतात: आकाशी, क्रीम, हिरवा, तळाला चॉकलेटी. हे सगळं काढून पॉलिश करायचंय. मशीन भाड्याने आणून घासू का? शेजारचे काका कॉस्टिक सोडा लावा म्हणतात. गणपतीला दीड महिना आहे. घरात दोन वर्षांची भाची असते.

रंधा_आणि_पटाशी:
ताई, मशीन अजिबात नको. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. तुमचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे, त्यात शिसं आहे असंच धरून चाला. कोरडं घासलंत की ती धूळ घरभर, आणि रांगती-खेळती पोरं बोटं तोंडात घालतात. कपाट अंगणात न्या, खाली प्लॅस्टिक अंथरा, पेंट रिमूव्हर लावून पट्टीने काढा. राहिलेलं वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद) ओला ठेवून घासा. मास्क, हातमोजे हवेतच. भाची त्या दिवशी दुसरीकडे. निघालेला रंग झाडून परसात टाकू नका.

कॉस्टिकने रंग निघतो, पण सागाला काळपट आणतो आणि सांध्यातलं सरस ढिलं करतो. काकांनी बहुतेक लोखंडी खिडक्या केल्या असतील.

ओलीभिंत:
भिंतीचं मी सांगते. गुळगुळीत ऑइलपेंटवर इमल्शनला धरायला काही नसतं, वाफ फक्त निमित्त. जिथे घट्ट वाटतंय तिथे ब्लेडने फुलीफुलीच्या रेघा मारा, सेलोटेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपबरोबर रंग आला तर तो भागही उद्या सुटणारच. सगळं खरवडा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढा, चमक जाईपर्यंत १२० नंबरच्या पेपरने घासा, तोही ओला ठेवूनच, खालचा रंग जुना आहे. मग ऑइल बेस प्रायमर, वाळू द्या, आणि त्यावर इमल्शन. लांबी फक्त खड्ड्यांपुरती.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. टेप लावून पाहिली. खिडकीखालची भिंत सोडून सगळीकडे रंग टेपबरोबर आला. म्हणजे खरवडणं आलंच. कपाट मात्र गणपतीआधी होईल का? लाखेचं पॉलिश मनात आहे.

रंधा_आणि_पटाशी:
पावसात लाखेचं पॉलिश? दमट हवेत त्यावर पांढरट झाक येते, पुन्हा उतरवावं लागेल. लाकूडही आत ओलसर असेल. दसऱ्यानंतर चांगलं ऊन पडलं की घ्या. तोवर बिजागरीपाशी खरवडून लाकूड तेवढं बघा, सागवानी आहे की नाही ते तरी कळेल. तेही ओला पेपर वापरून.

धागाकर्ती:
बरं. मग गणपतीत कपाटावर आईची जुनी इरकल टाकते. बाबांना अजून सांगितलेलं नाही, त्यांच्या मते आकाशी रंग अजून दहा वर्षं जाईल.