पुतणी बी.एस्सी.ला जिऑलॉजी घेतेय. पण सोलापुरात शिकवतात ते सोलापूरचं आहे का?

सात_रस्ता (धागा काढणारा)
पुतणी बारावी सायन्स झाली. घरातले सगळे बीसीएच्या मागे आणि ही म्हणते जिऑलॉजी. कारण साधं आहे. मोहोळच्या आमच्या शेतात तिसरं बोअर कोरडं गेलं तेव्हा ती मशिनपाशी उभी होती. तिथे कुणालाच खाली काय आहे ते सांगता येईना, ते तिला लागलं.

मी तिच्या बाजूने आहे. पण तीन वर्षांचा अभ्यासक्रम मागवून वाचला आणि जरा खट्टू झालो. आधी स्फटिकांचे अक्ष, मग जीवाश्म, मग हिमालयाचे थर. भूजल येतं पार शेवटी, पाहुण्यासारखं. आपला जिल्हा जवळपास सगळा काळ्या पाषाणावर बसलाय. मग इथल्या पोरांची पदवी पाण्यापासून का सुरू होऊ नये? बाकीचं मागाहून शिकवा. माझं मत ठाम आहे, खोडून दाखवा.

क्लिनोमीटर
खोडतो. तुमचं म्हणणं म्हणजे बाराखडी न शिकवता पत्रलेखन घ्या.

आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. थराचं पोट घट्ट, माथा सच्छिद्र. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबडी माती भाजल्यासारखा पट्टा असतो. घट्ट भागात पाणी असलंच तर भेगांमध्ये. सच्छिद्र भाग बघून शेतकरी खूश होतो, पण ती भोकं बहुतेकदा झिओलाइट नावाच्या खनिजांनी बुजलेली असतात. त्यातलंच एक स्टिल्बाइट. ते कसं दिसतं हे माहीत नसलेला पोरगा 'मांजऱ्या (हा भोकाभोकांचा खडक) लागला, आता पाणी' म्हणून पैसे घालवणार. स्टिल्बाइट ओळखायला खनिजशास्त्र लागतं आणि ते पहिल्या वर्षाला आहे, त्याला कारण आहे.

आणि किल्लारीचा भूकंप विसरलात का? 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास. सोलापुरातही लोक अंगणात धावले होते. नंतर तिथे खोल छिद्र पाडलं तेव्हा 338 मीटरवर बेसाल्ट संपला आणि त्याखाली अब्जावधी वर्षांचा जुना खडक लागला. 'आपल्याकडे सगळा काळा पाषाणच' हे वाक्य तेवढ्या खोलीपर्यंतच खरं. त्याच्या खाली काय चाललंय ते समजायला तुमचे ते कंटाळवाणे थरच शिकावे लागतात.

बोअरवाला_अक्कलकोट
दोघंबी शाणे हाव. पण गिऱ्हाईक कुणाला पैसे देतंय ते सांगू का? पाणाड्याला. नारळ तळहातावर उभा राहिला की झालं. एकदा एक शिकलेला पोरगा जमिनीत करंट सोडून बघायचं रेझिस्टिव्हिटीचं यंत्र घेऊन आला, 200 फुटाला म्हणला, लागलं 340 ला. पाणाडीबी तेवढाच चुकतोय, खोटं कशाला बोलू. पण त्याला कुणी शिव्या देत नाही, नशिबाला देतेत.

आमची पोरं भुकटीचा रंग बघून सांगतेत. काळी बारीक उडाली की पाषाण, लाल आली की तांबडा पट्टा, भुकटी ओलसर झाली की जरा थांबा. हे कुठल्या पेपरात हाय?

क्लिनोमीटर
दादा, हे पेपरातच आहे, नाव वेगळं आहे इतकंच. तुमच्या भुकटीची फुटाफुटाला नोंद ठेवली की तोच आमचा बोअर लॉग. एक विचारू? इतक्या वर्षांत किती बोअरच्या नोंदी ठेवल्यात?

बोअरवाला_अक्कलकोट
बिलात फूट लिहितो. रंग कोण लिहितंय.

दोन_वर्षं_तयारी
तुमचं पाणी आणि भुकटी चालू द्या, पोरीच्या पोटाचं काय? मी यातूनच गेलोय म्हणून सांगतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण 1851 पासूनचं, नाव मोठं. पण तिथला भूवैज्ञानिक व्हायला यूपीएससीची परीक्षा आणि त्या परीक्षेला एम.एस्सी. लागते. तेल कंपन्यांची तीच गोष्ट, वर गेट ही परीक्षा. नुसत्या बी.एस्सी.वर हातात हातोडा तेवढा राहतो. सात_रस्ता म्हणतात तशी फक्त बेसाल्टची आणि पाण्याची पदवी केली, तर जॅम (एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) आणि गेटच्या पेपरात पोरगी रूपांतरित खडकांपुढे बसून काय लिहिणार? इथलं शिकवा म्हणणं गोड वाटतं, पण त्याची किंमत पोरं मोजतात, काका नाही.

सात_रस्ता
शेवटचं वाक्य लागलं. बरोबरही आहे, म्हणून 'बाकीचं मागाहून' हे मागे घेतो. पण क्रमाचा हट्ट सोडला तरी उदाहरणांचा सोडत नाही. खनिज शिकवताना राजस्थानातून आणलेला नमुना कपाटातून काढण्याऐवजी केगावच्या आसपासच्या एखाद्या खाणीत पोरं न्या ना. विहीर खणताना कापलेला थर बघायला तर तिकीटही लागत नाही.

जुनी_बाई_भूगोलाची
भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं, जिऑलॉजीवाले शेजारच्याच खोलीत. सांगू का, पोरं नेणं बोलायला सोपं. गाडी, परवानगी, मुलींच्या घरच्यांचे फोन, उन्हात एखादी चक्कर येऊन पडली तर जबाबदारी कुणाची. म्हणून मग उपग्रहाची चित्रं पडद्यावर. जिओइन्फर्मेटिक्स, म्हणजे ही चित्रं नि नकाशे संगणकावर अभ्यासणं, वाईट नाही, नोकरी आज तिथेच पटकन लागते. पण वरून काळी जमीन दिसते, खालचा पट्टा दिसत नाही. क्लिनोमीटर, तुम्ही बाराखडी म्हणालात ना? आमच्याकडे बाराखडीसुद्धा फोटोवरून गिरवतात.

क्लिनोमीटर
बाई, यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या वेळची टूर दहा दिवसांची होती, निम्मे दिवस बस बिघडलेली, तरी डाइक, म्हणजे भेगेत घुसून थिजलेला लाव्हा, काय असतो ते त्या बिघडलेल्या बसच्या शेजारीच कळलं. रस्त्याच्या कटिंगमध्ये उभा भिंतीसारखा दिसला होता.

बोअरवाला_अक्कलकोट
सात_रस्ता साहेब, रविवारी कुंभारीला मशीन लागतंय, सकाळी सातला. पोरीला पाठवा. वही आणू दे, रंग तीच लिहील. चप्पल नको, बूट. कानात कापूस.