मेन की कॉन्ट्रिब?
"एआय सेवेशी बोलणाऱ्या प्रोग्रामचा, म्हणजे क्लायंटचा, कोड मुक्त असला तरी समोरचा एआय सर्व्हर बंदिस्त, म्हणून डेबियन या लिनक्स वितरणाने अशी पॅकेजेस 'मेन' या पूर्ण मुक्त सॉफ्टवेअरच्या विभागातून काढून 'कॉन्ट्रिब'मध्ये (स्वतः मुक्त, पण बंदिस्त सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्यांच्या विभागात) टाकावीत", हे काहींचं म्हणणं मला काही पटलं नाही. हाच न्याय लावायचा तर यूट्यूबवरून व्हिडिओ उतरवणारं वायटी-डीएलपीही हलवावं लागेल. पिजिन हा चॅट प्रोग्राम तर बंदिस्त याहू मेसेंजरला जोडायचा, त्या जमान्यापासून मेनमध्ये आहे.

मी असाच एक टर्मिनल क्लायंट वापरतो. सर्व्हरचा पत्ता बदलून लोकलहोस्ट (म्हणजे माझंच मशीन), पोर्ट 8080 केला की तोच क्लायंट माझ्या जुनाट लॅपटॉपवरच्या लामा.सीपीपीशी, म्हणजे घरच्या घरी एआय मॉडेल चालवणाऱ्या मुक्त प्रोग्रामशी बोलतो. रखडत बोलतो, पंखा गिरणीसारखा घरघरतो, पण बोलतो! बंदिस्त सर्व्हरचा पत्ता कोडमध्येच ठोकून बसवला असेल, तर ते पॅकेज खुशाल कॉन्ट्रिबमध्ये जाऊ दे.

मला जास्त काळजी स्टेबलची, म्हणजे डेबियनच्या स्थिर आवृत्तीची वाटते. ती साधारण 2 वर्षं जागची हलत नाही, आणि तोवर कंपनीने एपीआय (सेवेशी बोलायची ठरलेली पद्धत) बदलला की पॅकेज ठप्प. शिव्या मात्र पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरला, बिचारा फुकट राबतोय.

एफ-ड्रॉइड या मुक्त अँड्रॉइड अ‍ॅप्सच्या भांडारात बंदिस्त सेवेला जोडणाऱ्या अ‍ॅपवर तशी स्पष्ट खूण असते. एपीटीमध्ये (डेबियनचं पॅकेजेस बसवायचं साधन) इन्स्टॉल करताना तेवढी एक ओळ दिसली तरी माझं भागेल.