भिंतभर नकाशा काढला की कोर्स सर्वांचा होतो?

करवंद: काल एका सरांनी इथे फोटो टाकला. मधोमध कोर्सचं नाव, भोवती घटक, बाणांनी जोडलेल्या परीक्षा. मुलं अडतात तिथे लाल चिठ्ठी, बाकी हिरव्या. मथळा 'सर्वसमावेशक अभ्यासक्रम'. डोकंच फिरलं. माझ्या वर्गात अंध मुलगी आहे. हे चित्र वर्डमध्ये चिकटवून दिलं तर एनव्हीडीए, म्हणजे तिला स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, नुसतं 'ग्राफिक' म्हणून पुढे सरकतं. लाल-हिरवं वेगळं न दिसणाऱ्यांनी काय करायचं? समावेशाचं चित्र, आणि बघायला डोळे धडधाकट हवेत!

खाडीपलीकडचा: मॅडम, फोटो माझाच. नकाशा मुलांना वाटायचा नाहीच, तो माझ्यासाठी आहे. बाण काढल्यावर दिसलं, सगळे शेवटी एकाच ठिकाणी जातात: बसून लिहायचा पेपर. यूडीएल, म्हणजे सगळ्यांना जमेल असं शिकवणं आखायची पद्धत, हेच सांगते ना, शिकलेलं दाखवायला एकाहून जास्त वाटा हव्यात?

आंबोळी: वाटांवरून आठवलं, एसटी कुठाय नकाशात? प्रॅक्टिकल सातला, आमच्याकडची पहिली गाडीच सातची.

बंदरवाला: झालं सुरू! आम्ही तरीच्या होडीतून खाडी ओलांडून जायचो, कुणी वेळ बदलली नाही.

आंबोळी: म्हणून आम्हीही भिजायचं? परशुराम घाटात दरड आली की तुमची होडी काय कामाची? २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा भावाच्या वह्यांची पानं सोडवून दोरीवर वाळवली आम्ही. कॉलेजचं उत्तर, 'झेरॉक्स चालणार नाही, मूळ प्रत आणा.' मूळ प्रत वाशिष्ठीत!

बंदरवाला: पूर रोज येत नाही. रोज येतात ती निमित्तं.

आंबोळी: पेन्शन घरबसल्या येते म्हणून सुचतंय हे.

करवंद: एसटी, पूर, पेन्शन… माझा मुद्दा कुठे गेला? तासामागे २० मिनिटं जादा कागदावर मिळतात, लेखनिक मात्र पोरीनेच दारोदार शोधायचा. हे कुठल्या चिठ्ठीवर आहे, सर?

खाडीपलीकडचा: नाही. लावतो. आणि सगळं हेडिंगं देऊन शब्दांतही उतरवतो, बाणाऐवजी 'हे आल्याशिवाय ते नाही' असं.

करवंद: वा, उपकार झाले. तेवढं आधी केलं असतं तर फोटोला लाइक कमी पडले असते, नाही का?

खाडीपलीकडचा: टोमणा पोचला. पण ऐन गणपतीतली अंतर्गत परीक्षा पुढे ढकला, हे प्राचार्यांना तुम्ही सांगा. माझं ऐकत नाहीत.

बंदरवाला: परीक्षाच कशाला, मार्क प्रसादाबरोबर वाटा.

आंबोळी: काका, मोदक पाठवते. सातच्या गाडीने. पोचले तर कळवा.