राज्यघटना जाळणारा गॅरिसन की राजकारणात उतरलेला डग्लस?

वाटसरू:
अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात विल्यम लॉइड गॅरिसनला गरजेपेक्षा जास्त श्रेय मिळतं, असं माझं मत. १८३१ पासून तो बॉस्टनहून ‘लिबरेटर’ हे गुलामगिरीविरोधी साप्ताहिक काढत होता, त्याच्या निष्ठेबद्दल वादच नाही. पण ४ जुलै १८५४ ला फ्रेमिंगहॅमच्या सभेत त्याने राज्यघटना जाळली. मतदानही त्याला वर्ज्य. उत्तरेने दक्षिणेशी काडीमोड घ्यावा म्हणे! मग तिथल्या गुलामांनी कुणाकडे बघायचं? स्वतः गुलामीतून पळून आलेला फ्रेडरिक डग्लस १८५१ मध्ये याच मुद्द्यावर त्याच्यापासून दूर झाला. हीच घटना गुलामगिरीविरुद्ध वापरता येते, राजकारणात उतरा, हे डग्लसचं म्हणणं. गुलामगिरी संपवणारी १८६५ ची तेरावी दुरुस्ती त्याच घटनेत झाली ना?

मीरा_वाचते:
सपशेल असहमत. जाळण्याआधी काय घडलं तेही सांगा की. महिनाभर आधी पळून आलेल्या अँथनी बर्न्स या गुलामाला सैनिकांच्या पहाऱ्यात बॉस्टनच्या भर रस्त्यातून नेऊन व्हर्जिनियाला मालकाकडे परत धाडलं. पळालेल्या गुलामांबद्दलच्या १८५० च्या कायद्यानुसार अशा माणसाला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देता येत नाही. आणि त्याला परत पाठवलं तर निकाल देणाऱ्या आयुक्ताला १० डॉलर, सोडलं तर ५! पळालेल्याला परत करायचं कलम घटनेतच होतं. गॅरिसनने आधी हा कायदा जाळला, मग घटना. त्या वेळी आणखी काय करायचं होतं त्याने?

वाटसरू:
संताप समजतो. पण दक्षिण फुटली ती लिंकन निवडून आला म्हणून, आणि त्याला मतदारांनी आणलं.

मीरा_वाचते:
तोच लिंकन, जो राज्यांतल्या गुलामगिरीला हात लावणार नाही म्हणत होता?

माळावरचा:
तुम्ही दोघंही उत्तरेतल्या सभांमध्येच अडकलात. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम रात्री होडीतून व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो या उत्तरेच्या ताब्यातल्या किल्ल्यावर आले. दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधायला त्यांना जुंपलं होतं. तिथला उत्तरेचा सेनापती जनरल बटलर, त्याने त्यांना परत द्यायला नकार दिला आणि मग माणसांची रीघ लागली. पुढे सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले. लिंकनला पुढे ढकललं ते या लोकांनी. डग्लस आणि गॅरिसन नंतर.

वाटसरू:
धाडस त्यांचंच, हे मान्य. पण बटलरने त्यांना ठेवून घेतलं ते शत्रूची जप्त मालमत्ता म्हणून. स्वतंत्र माणूस म्हणून नाही. त्यासाठी १८६५ ची दुरुस्तीच लागली, आणि ती मतं मोजूनच मंजूर झाली.