पाटा की धार्जिणी? बातमी अडलीय

टिळकवाडीकर:
अर्जंट आहे. कन्नड बातमी मराठीत करतोय, पिच बॅटिंगला इतकं सोपं की बॉलरांचा नुसता घाम निघाला, असा तक्रारीचा सूर आहे. मी ‘फलंदाजीला पोषक’ लिहिलं तर डेस्कवरच्या काकांनी खोडलं, म्हणाले पोषक काय, डिंकाचा लाडू हाय काय, ‘पाटा’ लिही. पण पाटा म्हणजे वरवंट्याचा ना? तो पिचला कुठनं चिकटला?

खानापूरवाली:
सपाट असतो म्हणून पाटा. त्यात काय एवढं.

निपाणीकर:
सपाट कुठला ताई? आमच्या आज्जीचा पाटा गुळगुळीत झाला की चटणी नुसती घसरायची, वाटायचीच नाही. मग गल्लीत टाकी लावणाऱ्या बाया यायच्या, उंबऱ्यात बसून छिन्नीनं टकटक टकटक, सगळे खवले खवले. तसल्या पाट्यावर बॉल टाकला तर कुठंबी वळेल की, तो स्पिनरचा पाटा!

चिकोडीचा मास्तर:
तो पाटा नव्हेच हा. नांगरलेलं रान सारखं करायला फळी फिरवतात, तिला हिंदीत पाटा म्हणतात, तिथनं कॉमेंट्रीत आणि तिथनं आपल्या पेपरात. कन्नडात फळीला हलगे. बाकी पट्टी, पाटी, पाट, पाटा सगळी संस्कृत ‘पट्ट’ची पोरं, म्हणजे खेळपट्टीची पाटा ही सख्खी बहीणच झाली.

शहापूरकर:
बहीण नव्हे, भाऊ. आणि हिंदीची उसनवारी कशाला, ‘फलंदाजधार्जिणी’ हाय की.

खानापूरवाली:
धार्जिणी म्हणजे मानवणारी. आई म्हणायची, या गोठ्याला म्हैस धार्जिणी नाही. त्यात तक्रार कुठं आली?

शहापूरकर:
मग भांडवलदारधार्जिणं सरकार हे कौतुक हाय काय? आणि बेळगावात कुणाला कर्नाटकधार्जिणा म्हणून बघा, मग कळेल मानवतंय काय ते.

चिकोडीचा मास्तर:
सीमाप्रश्न आणू नका इथं, दरवेळी तेच.

निपाणीकर:
1997 ची भारताविरुद्धची कोलंबो टेस्ट आठवा. श्रीलंका 6 बाद 952, जयसूर्या 340, महानामा 225. आपल्या नीलेश कुलकर्णीला टेस्टमधल्या पहिल्याच बॉलवर अटापट्टूची विकेट, आणि एकूण 70 ओव्हर टाकून 195 रन दिले तरी दुसरी नाही. ह्याला पोषक म्हणणार? धार्जिणीबी लई सौम्य पडतंय.

खानापूरवाली:
पण विकेट पहिल्या बॉलवर मिळाली म्हणजे पाट्याला थोडी टाकी होतीच 😄

शहापूरकर:
त्या मॅचच्या पिचला निर्जीव लिहायचे. मला तोच बरा वाटतो, सरळ मराठी.

चिकोडीचा मास्तर:
निर्जीव म्हणजे जीव कुणाचा गेला ते कळत नाही. बॅट्समन तर जिवंतच होते.

टिळकवाडीकर:
अहो, पान सुटायला वीस मिनिटं राहिलीत, काका मागं उभे हायत, पाटा की धार्जिणी तेवढं सांगा!

निपाणीकर:
ताई, तुमच्या खानापुरात अजून टाकी लावणारं कोण हाय काय? आज्जीचा पाटा माळ्यावर पडून हाय.